पिसांच्या नागाची पंचमी

आमच्या घरातल्या कात्रीला वर्षातून एक दिवस सुट्टी असते, हे मला वयाच्या तेराव्या वर्षी, शारजातल्या एका दमट शुक्रवारी, अगदी नको त्या क्षणी कळलं. त्याआधीचे सगळे श्रावण आजीकडे सांगलीला गेले होते. शाळेला सुट्टी लागली की आम्ही विमानात बसायचो ते शाळा उघडायच्या दोन दिवस आधी परतायचो. नागपंचमी म्हणजे माझ्या लेखी झोका, मेंदी आणि वर तुपाची धार सोडलेली गरम दिंडं. त्या दिवशी आजीची विळी कुठे असते, भाजी कोण चिरतं, याकडे बघायला मला वेळच नसायचा. पण त्या वर्षी बाबांची रजा नामंजूर झाली आणि ऐन ऑगस्टात आम्ही इथंच राहिलो. ज्यांनी इथला ऑगस्ट काढलेला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. थंड पाण्याच्या नळाला हात लावला तर हात भाजतो, आणि चष्मेवाला माणूस दाराबाहेर पडला की काचांवर वाफ धरून जागच्या जागी आंधळा होतो.

आमचा फ्लॅट औद्योगिक क्षेत्राच्या कडेला होता. खाली टायरवाला, त्याच्या पलीकडे गाड्यांचे पोचे काढणारा पठाण, समोर पाइपांचं गोदाम. सकाळी सातपासून ग्राइंडरची किरकिर, लॉरी मागे घेतानाची टीं-टीं आणि या सगळ्यावर आमच्या खिडकीतल्या एसीची घरघर. बाबा म्हणायचे, भूकंप झाला तरी मी उठणार नाही, पण हा एसी बंद पडला तर ताडकन जागा होईन. ते एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. मोठमोठ्या इमारतींत थंड हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट तिथं बनायचे. समोरच्या दारात रेजिना आंटी राहायच्या, मूळच्या वसईच्या. दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात चादरी, टेबलक्लॉथ आणि पडदे सांभाळायच्या खात्यात त्या होत्या. त्यांच्या आणि आमच्या दारांमधून दिवसभर वाट्यांची ये-जा चालायची. इकडून कटाची आमटी जायची, तिकडून सुक्या बोंबलाची चटणी यायची, आणि कुठली वाटी कुणाची याचा दोन्ही घरांनी केव्हाच नाद सोडला होता.

सुट्टीत मागे राहिलेल्या मुलांसाठी दुबईच्या ऊद मेथा भागातल्या आपल्या मराठी मंडळींनी शिबिर भरवलं होतं. ते चालवायच्या देसाईकाकू. काकू वेळेच्या पक्क्या, आवाजाने खणखणीत, आणि मुलांना स्टेजवर चढवायची त्यांना मनापासून हौस. फक्त माझ्या बाबतीत ती हौस झाडापाशी येऊन थांबायची. तेराव्या वर्षी मी पाच फूट सात इंच होते. मंडळींचा वर्षभरातला कुठलाही कार्यक्रम असो, काकू मला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "सुमेधा, तू मागे झाड." तीन वर्षांत मी वड झाले, पिंपळ झाले आणि एकदा तर नुसतीच 'जंगल' झाले. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, "मॉम, दॅट्स बॉडी शेमिंग." असेल. आम्ही त्याला कार्यक्रम म्हणायचो.

त्या वर्षी समारोपाचा विषय होता पक्षी. प्रत्येकाने एक पक्षी व्हायचं, वेषभूषा करायची आणि पाच मिनिटं त्याच्याबद्दल मराठीतून बोलायचं. पहिल्याच दिवशी चार मोर झाले, कारण मोराचे कपडे दुबईच्या करामा बाजारात भाड्याने मिळायचे. पोपट दोन, एक घुबड आणि इथला म्हणून एक ससाणा. मी हात वर केला आणि म्हटलं, "क्वेत्झाल." हॉलमध्ये क्षणभर फक्त एसी ऐकू आला.

हा पक्षी मला एका तिकिटावर भेटला होता. पूर्वी इथल्या चिमुकल्या अमिरातींनीही आपापली टपाल तिकिटं छापली होती, आणि ज्या जंगलांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता तिथले पक्षी त्यांवर थाटात बसलेले असायचे. बाबांच्या वर्कशॉपमधल्या एका मल्याळी अंकलनी मला उम्म अल कुवैनचं असं एक तिकीट दिलं होतं. त्यावर पाचूसारखा हिरवा, लालभडक पोटाचा एक पक्षी होता. त्याची शेपटी इतकी लांब होती की चित्रकाराला ती तिकिटाच्या चौकटीत वळवून बसवावी लागली होती. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. जागेत न मावणारं आणखी कुणीतरी जगात होतं! शाळेच्या लायब्ररीतल्या जाडजूड ज्ञानकोशातून मी त्याचं नाव शोधलं, आणि नावाच्या मागोमाग त्याचा देव निघाला.

रात्रीच्या जेवणाला मी ते घरी सांगितलं. मेक्सिकोत पूर्वी ॲझ्टेक नावाचे लोक होते. त्यांच्या एका देवाचं नाव क्वेत्झालकोआत्ल. क्वेत्झाल म्हणजे हा पक्षी आणि कोआत्ल म्हणजे साप. अंग सापाचं आणि त्यावर खवल्यांच्या जोडीला हिरवी पिसं. आई भाकरी थापता थापता थांबली.

"साप आणि पक्षी एकाच अंगात?" ती म्हणाली. "आमच्या गरुडाला विचारलंत का? त्याचं आणि नागाचं उभं वैर."

"तिकडे त्यांचं जमतं," मी म्हटलं.

"जमलं तर चांगलंच की," आई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

देसाईकाकूंचं मात्र जमेना. कुणी न ऐकलेला पक्षी, त्यात उच्चारायला अवघड. शेवटी त्यांनी अट घातली, "शुक्रवारी समारोपाच्या आधी, चार वाजता मला पूर्ण ड्रेस दाखवायचा. पूर्ण. अर्धवट असेल तर खलास, तू झाड. झाडाचा ड्रेस माझ्या कपाटात इस्त्री करून तयार आहे." त्या रागावून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की मला तो ड्रेस शोभतो. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसलं आणि ठरवलं की आता मरेन पण झाड होणार नाही. तेराव्या वर्षी माणूस असं बोलतं आणि त्याला ते शब्दशः म्हणायचं असतं.

सगळं घर कामाला लागलं. रेजिना आंटींच्या हॉटेलात कसलीशी रंगीबेरंगी पार्टी झाली होती, तिच्या सजावटीची हिरवी पिसं दुसऱ्या दिवशी फेकणार होते. आंटींनी मॅनेजरला विचारून ती दोन उशांच्या अभ्र्यांत भरून आणली. "हे घे, तुझा बर्ड आला," म्हणत त्यांनी ती पलंगावर ओतली आणि खोलीभर हिरवा धुरळा उडाला. बाबांनी वर्कशॉपमधल्या तारा वाकवून पंखांचे सांगाडे आणि डोक्यावरचा तुरा केला. आईने हिरवं साटीन घेतलं. किती घ्यावं हे न सुचल्याने तिने नऊवारीचा अंदाज धरून सरळ नऊ मीटर घेतलं. बाबांना सुट्टी फक्त शुक्रवारी. तेव्हा इथं सगळ्यांचाच सुट्टीचा वार शुक्रवार असायचा. म्हणून बेत असा ठरला की शुक्रवारी सकाळी बेतायचं, कापायचं, शिवायचं आणि तीनला निघायचं. शेपटीच्या लांब पट्ट्या, पंखांचे तुकडे, पोलकं, सगळं आईने जुन्या वर्तमानपत्रांवर आखून ठेवलं होतं.

शुक्रवार उजाडला. ग्राइंडर बंद, लॉऱ्या बंद, सगळीकडे सामसूम. बाबा स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. आईने साटीन हॉलभर पसरलं, वर्तमानपत्राचे कागद लावले, गुडघ्यांवर बसून कात्री उघडली. तिचं खालचं पातं कापडाखाली गेलेलं मला आजही दिसतं. तेवढ्यात फोन वाजला. आजी होती.

आई एका हातात कात्री घेऊन फोनवर "हो आई, हो" म्हणत होती.  मग म्हणाली, "आज?" तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कॅलेंडर सांगलीहूनच आलेलं होतं आणि आई त्यावर दुधापासून दवाखान्यापर्यंत सगळं लिहायची. त्या शुक्रवारच्या चौकोनात तिने आठवड्यापूर्वी जाड पेनाने 'गॅस सांगणे' लिहून भोवती गोल काढला होता. त्या गोलाखाली बारीक अक्षरातली नागपंचमी दडपून गेली होती.

फोन ठेवून आईने कात्री मिटली आणि कपाटावर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवू लागली. माझा हात तिथं सहज पोचतो हे लक्षात आल्यावर तिने ती पदराखाली धरली. "आज काही कापायचं नाही," ती म्हणाली. "कापायचं नाही, चिरायचं नाही, टोचायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही." स्वयंपाकघरात बाबांनी चिरलेल्या कांद्यावर ताट पालथं घातलं.

"बट व्हाय?" मी किंचाळले. "आई, चारला ड्रेस दाखवायचाय!"

"नागाच्या दिवशी त्याला इजा होईल असं काही करत नाहीत. माझ्या आईनं केलं नाही, सासूबाईंनी केलं नाही."

मी रडले, पाय आपटले, इंग्रजीत बरंच काही बोलले. आवाज ऐकून रेजिना आंटी आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अरे सिंपल आहे वहिनी. कापड इकडे द्या. माझ्या घरात नागपंचमी नाही ना? मी कापते, मी मशीन मारते. यल्ला, चला, दोन तासात खलास."

मला वाटलं, सुटले! आईही क्षणभर घोटाळली. तिला मला झाड करायचं नव्हतंच. मग ती हळूच म्हणाली, "रेजिना, मोर असता ना, तर मी डोळ्यावर कातडं ओढलं असतं. पण ही नागाचं सोंग घेणार. नागाच्या दिवशी, नागाचंच अंग कापून, नागाचं सोंग? माझा हात नाही वळणार, आणि तुझाही वळवायचा नाही."

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "सुमे, तूच सांगितलं होतंस ना? त्या लोकांत या पक्ष्याला मारायची बंदी होती. धरायचा, पिसं काढायची आणि सोडून द्यायचा." मी बाबांकडे असं पाहिलं की तसं कुणी आपल्या बापाकडे पाहू नये. स्वतःच्याच गोष्टीत अडकण्यासारखा दुसरा संताप नाही. मी म्हटलं, "मग काय करू? झाड होऊ?" आणि पिसांच्या ढिगात पडून रडायला लागले. आज सांगते, त्या वेळी मला आईचा खरा तिरस्कार वाटला होता. अर्ध्या तासासाठी का होईना, पण खरा.

 आईने आधी कुकर लावला, हरभऱ्याच्या डाळीचा. दिंडं तर करायलाच हवी होती. मग तिने पाटावर गंधाने नाग काढला. लाह्या इथं कुठून आणायच्या? तिने वाण्याकडच्या पाकिटातले मक्याचे दाणे पातेल्यात फोडले आणि त्या लाह्या दुधाबरोबर नागापुढे ठेवल्या. मी रडत रडत म्हटलं, "त्याला मकाच आवडतो. माणसांना मका त्यानेच आणून दिला, मुंगी होऊन." आई म्हणाली, "मग बरंच झालं." मी उठले, बोट गंधात बुडवलं आणि तिच्या नागाच्या पाठीवर एक पीस काढलं. तिने ते पाहिलं आणि पुसलं नाही.

मग ती साटीनपाशी येऊन बसली आणि एक पीस उचलून देठाशी चाचपू लागली. माझी आई हातावर गजरा करायची. सुई नाही, काही नाही. फुलाचा देठ बोटांत धरायचा, वर दोऱ्याचा वेढा, गाठ, पुढचं फूल. तिने कापडाची एक चिमूट धरली, तीत पिसाचा देठ बसवला, जाड दोऱ्याचा वेढा दिला आणि गाठ ओढली. पीस ताठ उभं राहिलं. तिने ओढून पाहिलं, निघेना. तिने दुसरं बांधलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रडून झालं असेल तर पिसं निवडून दे. लांब एकीकडे, आखूड एकीकडे. दोरा मध्ये तोडायचा नाही, रीळ संपेपर्यंत जायचं."

आणि आम्ही गेलो. मी निवडायची, रेजिना आंटी चिमूट धरायच्या, आई बांधायची. आंटींना गाठ जमेना, तेव्हा आईने त्यांचं बोट धरून शिकवली, आणि मग त्या आमच्याहून भराभर बांधायला लागल्या. बाबांनी पंखांना पिसं केबल टायनी बांधली. त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची उरलेली टोकं नेहमी कापून टाकतात. बाबांनी सवयीने पक्कडीकडे हात नेला की आई नुसती खाकरायची. सगळी टोकं तशीच राहिली आणि पंखांतून ताठ काड्या आल्यासारख्या दिसू लागल्या. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पुरण शिजलं, बाबांनी ते घोटलं, आईने हात धुऊन दिंडं वळली आणि उकडायला ठेवली. घरभर गुळाचा, वेलदोड्याचा आणि पिसांच्या रंगाचा वास कोंदला होता. आम्ही दिंडं उभ्या उभ्या खाल्ली, आणि तूप पिसांना लागू नये म्हणून आंटींनी मला भरवली.

दोनच्या सुमारास कापड उचलून पाहिलं, तर एक गोष्ट दिसली जी कुणी ठरवलेली नव्हती. चिमटी-चिमटीने बांधलेल्या साटीनवर ओळीने उंचवटे उठले होते. खवले! पिसांच्या खाली, टोकापासून टोकापर्यंत, सापाचे हिरवे चकचकीत खवले. आम्ही चौघं पाहतच राहिलो. कात्री लावली असती तर माझा पक्षी झाला असता. कात्री थांबली म्हणून त्याचा देव झाला. पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात मी वाचलं की ॲझ्टेकांच्यात पिसांचं काम करणारी वेगळी घराणी होती. आई, बाप, पोरं सगळी मिळून बसायची आणि दोऱ्याने पिसं बांधायची. मी ते पान आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग दुसरं कसं करणार?"

नऊ मीटरांपैकी तीन आईने मला कासोटा घालून नेसवले, गाठी मारून, एकही पिन न लावता. तिची लाल ओढणी छातीवर आली. उरलेले सहा मीटर शेपूट म्हणून मागे राहिले. सहा मीटर! लिफ्टमध्ये ते रेजिना आंटींच्या गळ्याभोवती होतं, गाडीत तिघांच्या मांडीवर. सिग्नलला शेजारच्या पिकअपमधल्या माणसाने काच खाली करून बाबांना विचारलं, "भाई, ये क्या है?" बाबा म्हणाले, "बेटी है." सिग्नल सुटेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला.

चारला पाच कमी असताना आम्ही हॉलवर पोचलो. देसाईकाकूंनी मला पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांची नजर शेपटीवरून जात जात दाराबाहेर गेली. "अहो माने वहिनी, सुंदर आहे, पण स्टेज बारा फुटांचं आहे! मागच्या मुलांच्या पायात येईल. थोडं कापू या." आणि त्यांनी टेबलावरच्या हस्तकलेच्या डब्यातून कात्री काढली.

माझी आई त्या हॉलमध्ये कधी बोलायची नाही. मुंबई-पुण्याच्या, ऑफिसात जाणाऱ्या, फाडफाड बोलणाऱ्या बायकांत आपली सांगलीकडची बोली निसटेल म्हणून ती शेवटच्या रांगेत, पाण्याच्या कूलरपाशी उभी राहायची. नागपंचमीचं कारण सांगणं तर लांबच राहिलं, लोक हसले असते. तिने नुसतं म्हटलं, "नाही."

"अहो, टोकाचंच."

"नाही ताई. कापायचं नाही."

"मग मला नाइलाज आहे," काकू कपाटाकडे बघत म्हणाल्या. "झाड आहेच."

आई माझ्या आणि त्या कात्रीच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "झाड ती होणार नाही," ती म्हणाली. "स्टेज लहान असेल तर ती मागच्या दारातून येईल. शेपूट आम्ही धरतो. कुणाच्या पायात येणार नाही." मी माझ्या आईला कुणाशी असं बोलताना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. काकूंनी घड्याळ पाहिलं, शेपूट पाहिलं, आईचा चेहरा पाहिला. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "बरोबर पाच."

चार मोर नाचून गेले. पोपट बोलले, ससाण्याचा पंख पडला, घुबड रडलं. मग माझं नाव पुकारलं आणि मी मागच्या दारातून आत पाऊल टाकलं. पहिल्यांदा शेवटच्या रांगेतल्या लोकांनी मान वळवली, मग पुढच्या, मग सगळ्या. मी चालत राहिले. माझ्यामागे बाबा, त्यांच्यामागे रेजिना आंटी हॉटेलच्या युनिफॉर्ममध्ये, तिथूनच ड्यूटीवर जायचं होतं म्हणून, आणि अगदी शेवटी टोक धरून आई. मी माइकपाशी पोचले तेव्हा आई अजून सातव्या रांगेपाशी होती. लोक नीट दिसावं म्हणून उभे राहिले होते. मी ताठ उभी राहिले, तुऱ्यासकट सहा फूट. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी उंची कमी वाटली.

मी सांगितलं की माझं जंगल उंच डोंगरांत, ढगांत बुडालेलं असतं. माझा देव पाताळात गेला आणि त्याने जुन्या माणसांची हाडं उचलली, कारण त्याला नवी माणसं करायची होती. पाताळाच्या राजाने त्याच्या वाटेत खड्डा खणवला आणि अंगावर लावे पक्षी सोडले. ते फडफडले, देव दचकून पडला आणि हाडं मोडली, काही लांब, काही आखूड. "म्हणून," मी म्हटलं, "काही माणसं बुटकी झाली आणि काही माझ्यासारखी." हॉल असा हसला की मला थांबावं लागलं. त्या हसण्यात मी होते, त्यांच्या बरोबरीने. मग मी मक्याचं सांगितलं, मुंगीचं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं की माझ्या राज्यात मला मारणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. पिसं काढून मला सोडून देत. "आता मी जाते," म्हणून मी पंख उघडले. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. देसाईकाकू घड्याळ बघायला विसरल्या होत्या.

पहिला नंबर जाहीर करायच्या आधी परीक्षक बाई उठल्या. त्या चित्रकार होत्या. त्यांनी शेपूट हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे कुणी केलं? यात एक टाका नाही, कुठे कापलेलं नाही. इतकं अवघड का केलंत?" सगळे आईकडे बघायला लागले. कुणीतरी माइक तिच्या हातात दिला. तिने तो आधी उलटा धरला.

"अवघड म्हणून नाही केलं," आई म्हणाली. तिचा आवाज हॉलभर घुमला तशी ती दचकली, पण बोलत राहिली, अगदी सांगलीच्या सुरात. "आज नागपंचमी हाय. आमच्याकडं आज काय कापत न्हाईत, काय चिरत न्हाईत."

 मग पहिल्या रांगेतून कुणीतरी "अगंबाई!" म्हटलं. दुसऱ्या रांगेत एकीने कपाळावर हात मारला. "अहो, मी सकाळी भेंडी चिरली!" "आमच्याकडे तर पुऱ्या!" "माझ्या सासूबाईंचा फोन येऊन गेला, मी उचललाच नाही!" बघता बघता सगळा हॉल गलबलला, आणि त्या गलबल्यातूनच टाळ्या सुरू झाल्या, माझ्या टाळ्यांपेक्षा मोठ्या. आई माइक घट्ट धरून उभी होती आणि हसत होती. मी पाहिलेलं तिचं ते सगळ्यात मोठं हसू. मला तिचा इतका अभिमान वाटला की बक्षीस कुणी दिलं, हातात काय दिलं, यातलं काहीही मला आज आठवत नाही.

आठवतं ते त्यानंतरचं. समारोपाचा केक टेबलावर मांडला होता, चांगला तीन फुटी, वर क्रीमचे पक्षी. देसाईकाकू सुरी घेऊन त्यावर वाकल्या आणि तशाच थांबल्या. सगळे त्यांच्या सुरीकडे बघत होते. काकूंनी एकदा आईकडे पाहिलं. मग त्यांनी सुरी टेबलाखाली ठेवून दिली, बांगड्या मागे सारल्या आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुमेधा, इकडे ये. पहिला तुकडा तू तोड." शेपूट मागे, पुढे दीडशे माणसं, आणि मी दोन्ही पंख मागे टाकून मनगटापर्यंत हात त्या केकात घातला.